आधी वाजवणाऱ्यांकडे पाठव, ऐकणारे मागून येतील

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २३, वेस्टर्न क्लासिकल कंपोज करतो, तीन पीस तयार आहेत. १८ मिनिटांचा स्ट्रिंग क्वार्टेट, क्लॅरिनेट-चेलो-पियानोचा ट्रायो आणि मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी १४ मिनिटांचा एक पीस. कॉम्प्युटरवर मॉकअप (सॉफ्टवेअरने वाजवलेला नमुना) करून यूट्यूबवर टाकले तर कोणी ऐकत नाही, ऑर्केस्ट्रांना मेल केले तर कोणी उत्तर देत नाही. मग संगीतातच दम नाही की शेअर करायची पद्धत चुकतेय? स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी) उघडा टाकला तर कोणी ढापेल का? आणि फी घेणाऱ्या स्पर्धांमधे पैसे घालावेत का?

मी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते, स्वतः लिहिते, आणि मधली बरीच वर्षं ऑर्केस्ट्राची लायब्ररी सांभाळलीये, म्हणजे नवीन पीस आला की त्याचे पार्ट (एकेका वाद्याची वेगळी स्वरलिपी) स्टँडवर जायच्या आधी माझ्या हाताखालून जायचे. त्या बाजूने जे दिसतं ते सांगते. अरे-तुरे करतेय, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, चालवून घे. तू दिलेल्या लिंकवरचे क्वार्टेट आणि ऑर्केस्ट्राचे स्कोअर उघडून पाहिले, ट्रायो चाळला.

तुझा प्रश्न वाचताना मला वाटलं की तू दोन वेगळे प्रश्न एकात घातलेत. एक, लोकांनी ऐकावं. दुसरा, कोणीतरी वाजवावं. तुला मनातून दुसरं हवंय, पण सगळी मेहनत तू पहिल्यासाठी केलीयेस. मॉकअप घासून पुसून नीट केला, रिव्हर्ब लावला, थंबनेल केला, आणि पार्ट? तू लिहिलंयस की पार्ट "कोणी मागितले तर काढता येतील". इथेच गाडी अडतीये. चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वाद्यांच्या संगीताचा, पहिला ग्राहक वाजवणारा असतो, आणि वाजवणाऱ्याला एमपी३ वाजवता येत नाही, त्याला पार्ट लागतो.

आता यातलं बरंच तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच मान्य करते. तू कॉन्झर्व्हेटरीत शिकत असशील तर कॉरिडॉरमधे चार वाजवणारे मिळतात, एकटा बसून लिहीत असशील तर एक चेलोवाला शोधायलाच महिना जातो. तू स्वतः काही वाजवत असशील तर गोष्ट फारच सोपी होते. पैसे असतील तर चार जणांना एका दुपारची फी देऊन रेकॉर्डिंग करून घेता येतं. हे तू प्रश्नात लिहिलेलं नाहीस, म्हणून मी मधलं काहीतरी धरून चालतेय.

ऑर्केस्ट्राच्या पीसपासून सुरुवात करते, कारण तुझं दुःख तिथेच जास्त आहे. तुझ्या स्कोअरच्या पहिल्या पानावर लिहिलंय ३३३३-४३३१ (तीन-तीन फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून; चार हॉर्न, तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा), टिंपनी, चार पर्कशनवाले, हार्प, चेलेस्टा, स्ट्रिंग्ज. ऑर्केस्ट्राच्या ऑफिसात मेल उघडणारा माणूस संगीत ऐकायच्या आधी ही ओळ वाचतो आणि मनात हिशोब करतो. तिसरा बासून म्हणजे कॉन्ट्राबासून, तो तुझ्या पीसमधे मोजून नऊ बार (तालाची आवर्तनं) वाजतो. चौथा पर्कशनवाला एकदा टॅमटॅम (मोठा गाँग) वाजवतो आणि बसून राहतो. त्या संध्याकाळी जर बेथोव्हेनची सातवी सिंफनी असेल तर स्टेजवर दोन-दोन वुडविंड, दोन हॉर्न, दोन ट्रंपेट, टिंपनी आणि स्ट्रिंग्ज एवढेच लोक बसलेले असणार, म्हणजे तुझ्या १४ मिनिटांसाठी सतरा जास्तीची माणसं बोलवायची, त्यांची फी द्यायची, हार्प आणि चेलेस्टा आणायचा. ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही अशा माणसासाठी हे कोण करेल. यात संगीताच्या दर्जाचा प्रश्न आलाच नाही अजून, तिथपर्यंत पोचलंच नाही प्रकरण.

शिवाय वेळ. बऱ्याच प्रोफेशनल ऑर्केस्ट्रांचा सीझन वर्ष-दीड वर्ष आधी ठरलेला असतो आणि एका कॉन्सर्टला रिहर्सल मोजक्याच. त्यात कॉन्चेर्टो आहे, सिंफनी आहे, उरलेल्या वेळात नवीन पीस बसवायचा. म्हणजे खरं तर तुझा पीस किती मिनिटांचा आहे यापेक्षा तो बसवायला किती मिनिटं लागतील हे पाहिलं जातं. दर दोन बारांनी ताल बदलणारा ५ मिनिटांचा पीस हा सरळ चालणाऱ्या १२ मिनिटांच्या पीसपेक्षा महाग पडतो.

आणि मॉकअप. मी मॉकअपच्या विरोधात नाही, मीही करते, हल्ली त्यांचा आवाज फारच बरा येतो आणि फॉर्म कुठे रेंगाळतोय हे कळायला त्याचा उपयोग होतो. पण बॅलन्सच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नकोस. तुझ्या पीसची सुरुवातच बघ. दोन ओबो, एकदम खालचे बी आणि बी फ्लॅट, त्यावर तीन पी (म्हणजे अगदी हळू) लिहिलेत, शून्यातून यायचंय. कॉम्प्युटर ते अलगद वाजवतो. ओबोचे ते सगळ्यात खालचे सूर हळू वाजवणं हे त्या वाद्याचं जुनं दुखणं आहे, रीड (ओठांत धरायची वेताची पट्टी) बोलायलाच थोडी हवा लागते आणि बोलली की भसकन बोलते, चांगल्यात चांगला ओबोवाला तिथे घाम पुसतो. तीच जागा क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांना दे, क्लॅरिनेट शून्यातून येऊ शकतो, ते त्याचं बलस्थान आहे. पुढे बार ६० च्या आसपास फ्लूटची मेलडी खालच्या सप्तकात आहे आणि मागे चार हॉर्न फोर्टे, म्हणजे जोरात. मॉकअपमधे फ्लूट स्वच्छ ऐकू येतो कारण तू त्याचा स्लायडर वर केलायस. हॉलमधे फ्लूटवाल्याची नुसती बोटं हलताना दिसतील.

कंडक्टरने असा स्कोअर पाहिला की त्याला कळतं की या माणसाने हे कधी खोलीत ऐकलेलं नाही, आणि तो पान मिटतो. इतकं साधं आहे ते. तू वाईट लिहितोस असा त्याचा अर्थ नाही, वाजवणाऱ्यांच्या सहवासात लिहिलेलं नाहीस एवढाच आहे. हायडनला एस्टरहाझी या सरदार घराण्याकडे हाताशी ऑर्केस्ट्रा होता, काय लागू पडतं काय पडत नाही हे तो रोजच्या रोज पाहू शकायचा, कापाकापी करू शकायचा. ती चैन आपल्यापैकी कोणालाच नाही, पण चार माणसांच्या पातळीवर ती मिळवता येते, म्हणून मी सगळ्यांना चेंबरकडे ढकलत असते.

शुबर्टचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. त्याची मोठी सी मेजर सिंफनी तो १८२८ मधे गेला तेव्हा तशीच पडून होती, कंपोजर शूमानला तिचं हस्तलिखित शुबर्टच्या भावाकडे मिळालं आणि १८३९ मधे मेंडेलसोनने ती लाइपझिगला वाजवली. अपूर्ण राहिलेली बी मायनर तर १८६५ मधे पहिल्यांदा लोकांनी ऐकली. आणि त्याच माणसाचा ए मायनर क्वार्टेट? १८२४ मधे लिहिला आणि त्याच वर्षी शुपान्त्सिग या व्हायोलिनवाल्याच्या क्वार्टेटने जाहीर कार्यक्रमात वाजवला. माणूस तोच, वर्षं साधारण तीच. चार माणसं जमवणं आणि साठ माणसं जमवणं यातला हा फरक आहे, आणि तो आजही तसाच आहे.

तर क्वार्टेट. १८ मिनिटांचा क्वार्टेट अनोळखी लोकांना "वाजवाल का" असं विचारू नकोस. "दुसरी मूव्हमेंट, साडेचार मिनिटं, एकदा नुसती वाचून बघाल का" असं विचार. मूव्हमेंट म्हणजे पीसचा एक स्वतंत्र भाग, आणि वाचणं म्हणजे पार्ट समोर ठेवून एकदा वाजवून बघणं. पहिल्या विनंतीला हो म्हणणं म्हणजे महिन्याभराच्या रिहर्सल अंगावर घेणं, दुसरीला हो म्हणणं म्हणजे त्यांच्या नेहमीच्या रिहर्सलनंतरचा अर्धा तास. आणि दुसरी मूव्हमेंटच सुचवतेय कारण ती खरंच छान आहे, त्यात तू जागा सोडल्यायत, वाद्यं एकमेकांशी बोलतात. पहिल्या मूव्हमेंटमधे चौघंही सगळा वेळ वाजवत असतात, ऐकणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला दोघांनाही श्वास घ्यायला मिळत नाही.

पण पाठवायच्या आधी बार ४३ बघ. व्हायोलाला तू डी आणि त्याच्यावरचा एफ एकत्र दिलायस, दोन्ही खालच्या जी च्याही खाली. व्हायोलाच्या तारा खालून सी, जी, डी, ए. ते दोन्ही सूर फक्त सी च्या तारेवर येतात, एका तारेवर एका वेळी दोन सूर कसे वाजणार. ऑर्केस्ट्रात असतं तर आम्ही दोन गट करून वाटून घेतलं असतं, क्वार्टेटमधे मी एकटीच आहे. एफ च्या जागी त्याच्या वरचा ए दे, तो जी च्या तारेवर पहिल्या बोटाने येतो, किंवा एफ चेलोला दे. सॉफ्टवेअर असल्या ठिकाणी काही बोलत नाही, मजेत वाजवतं. आणि व्हायोलावाला असं काही पाहिलं की पुढच्या सगळ्या कठीण जागांकडे संशयाने बघतो, जिथे तुझं बरोबर आहे तिथेही.

आता पार्ट, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लायब्ररीतल्या वर्षांत मी चांगले चांगले पीस केवळ पार्टपायी पडून राहिलेले पाहिलेत. सॉफ्टवेअर एका क्लिकवर पार्ट काढून देतं ही अर्धीच गोष्ट आहे. ते काढलेले पार्ट हाताने साफ करावे लागतात. पाच रेघांची उंची ७ ते ८ मिलिमीटरच्या मधे ठेव, त्याहून बारीक केलंस तर दोघांनी एका स्टँडवर वाचायचं असतं तेव्हा शेजारच्याला लांबून नीट दिसत नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार नंबर. रिहर्सल लेटर (पुन्हा सुरू करायच्या जागेची ए, बी, सी अशी खूण) दर दहा बारांनी यांत्रिकपणे टाकू नकोस, जिथे संगीतात काहीतरी बदलतं तिथे टाक, कारण कंडक्टर तिथूनच पुन्हा सुरू करणार. लांब विश्रांतीनंतर शिरायचं असेल तर आधीचे दोन-तीन बार दुसऱ्या वाद्याचा क्यू छोट्या अक्षरात दे, पण जे त्या माणसाला बसल्या जागेवरून खरंच ऐकू येईल अशा वाद्याचा दे, हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या पिझिकाटोचा (बोटाने छेडलेल्या सुरांचा) क्यू देऊन काय उपयोग. पिझिकाटो लिहिलंस तर पुढे आर्को (पुन्हा बोने वाजवा) लिहिलंय का ते प्रत्येक पार्टमधे बघ. म्यूट (आवाज दबवणारा छोटा तुकडा) लावायला आणि काढायला काही सेकंद लागतात, तिथे विश्रांती दे.

आणि पान उलटणं. तुझ्या क्वार्टेटच्या शेवटच्या मूव्हमेंटमधे चेलोला जवळजवळ दोन पानं विश्रांतीच नाही. पान उलटायला हात लागतो, दोन्ही हात वाद्यावर आहेत. हे स्कोअर पाहून कळत नाही, पार्ट छापून स्टँडवर ठेवला की लगेच कळतं. अर्धं पान मोकळं सोडलंस तरी चालेल, पण पान विश्रांतीवर उलटलं पाहिजे. टॅबलेट आणि पायाच्या पेडलवाले आता बरेच झालेत, पण सगळ्यांकडे असेल असं धरून चालू नकोस. ऑर्केस्ट्रा लायब्ररियनांची मोला नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, पार्ट कसे तयार करावेत याची त्यांची मार्गदर्शिका नेटवर फुकट मिळते, ती एकदा वाच आणि ऑर्केस्ट्राच्या पीसला ती समोर ठेवूनच हात लाव.

जाता जाता, प्रत्येक पीसची पीडीएफ आणि म्यूझिकएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येणारी फाइल) अशा दोन्ही प्रती ठेव. फिनाले हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर १९८८ पासून चालू होतं, २०२४ च्या ऑगस्टमधे कंपनीने ते बंद केल्याचं जाहीर केलं, आणि माझ्या ओळखीचे कितीतरी जण अजून जुन्या फाइली दुसरीकडे हलवत बसलेत.

मेल कसा लिहायचा. तू पाठवलेला मेल तू पेस्ट केला होतास म्हणून स्पष्ट सांगते, नमनाला घडाभर तेल झालंय. तुझी प्रेरणा, तुझा प्रवास, आणि पीसची लांबी कुठेतरी चौथ्या परिच्छेदात. मला येणाऱ्या मेलमधले जे मी शेवटपर्यंत वाचते ते साधारण असे असतात: "नमस्कार, मागच्या महिन्यात तुमच्या क्वार्टेटचा कार्यक्रम ऐकला, त्यातली व्हायोला आणि सेकंड व्हायोलिनची ती लांब जागा डोक्यात राहिली. मी कंपोजर आहे. साडेचार मिनिटांची, मध्यम अवघड अशी एक संथ मूव्हमेंट तुमच्या रिहर्सलच्या शेवटी एकदा वाचून बघाल का? स्कोअर आणि पार्ट या लिंकवर आहेत, सगळं ऐकायला वेळ नसेल तर मॉकअपमधे २:१० पासून ऐका. मी छापील पार्ट घेऊन येईन." संपलं. खोटं कौतुक करू नकोस मात्र, ज्यांना ऐकलंयस त्यांनाच लिही. दहा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, मग सोडून दे, राग धरू नकोस, लोक खरंच विसरतात.

कोणाला लिहायचं हाही मुद्दा आहे. नावाजलेल्या क्वार्टेटच्या मागे लागण्यापेक्षा तुझ्याच वयाच्या वाजवणाऱ्यांना गाठ, ते पुढे तुझ्याबरोबर वाढतात. त्यांनाही रिसायटलसाठी नवीन काहीतरी हवंच असतं. आणि ज्या वाद्यांचं सोलो साहित्य कमी आहे त्या लोकांकडे तर अवश्य जा. आम्ही व्हायोलावाले, बास क्लॅरिनेटवाले, ट्यूबावाले, डबल बासवाले, आम्हाला कोणी ६ मिनिटांचं काही नीट लिहून दिलं तर आम्ही दहा ठिकाणी वाजवतो. व्हायोलिन सोनाटाच्या रांगेत तू बेथोव्हेन-ब्राम्सच्या मागे उभा राहतोस, ट्यूबाच्या रांगेत जवळजवळ पहिला असतोस.

आणि कोणीच मिळत नसेल तर स्वतःच गट काढ. स्टीव्ह राइश आणि फिलिप ग्लास या दोघा अमेरिकन कंपोजरांनी १९६० च्या दशकात हेच केलं, स्वतःचं संगीत वाजवायला स्वतःचे एन्साम्बल उभे केले आणि स्वतः त्यात वाजवायला बसले, ऑर्केस्ट्रांची निमंत्रणं फार नंतर आली. तुझ्या संगीताचा त्यांच्याशी संबंध नाही हे दिसतंय, पण पद्धत उचलण्यासारखी आहे.

समज लोक मिळाले आणि वाचन ठरलं. तिथे जाऊन उंटावरून शेळ्या हाकू नकोस. स्कोअर आणि पेन्सिल घेऊन बस, फोनवर रेकॉर्डिंग चालू कर, अर्थात आधी विचारून, आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजू दे. गाऊन दाखवायचा मोह होईल, आवर. ते कुठे अडखळतात त्याची खूण कर. एकच माणूस अडखळला तर कदाचित त्याची चूक, दोन वेगळे गट त्याच बारमधे अडखळले तर तुझी. नंतर "कसं वाटलं" विचारू नकोस, त्यावर सगळे छानच म्हणतात. "कुठे त्रास झाला", "हे हळू लिहिलंय ते खरंच हळू वाजतंय का", "या जागेला दुसरं बोइंग (बो फिरवायची दिशा) सोपं जाईल का" असं विचार. मग घरी जाऊन दुरुस्त्या कर, पार्टवर नवी तारीख टाक आणि त्याच लोकांना पाठव. ज्या कंपोजरने आपली सूचना ऐकून पार्ट बदलला त्याचा पुढचा पीस वाजवायला लोक आपणहून तयार होतात, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

ऑर्केस्ट्राच्या पीसचं मग काय करायचं? टाकून देऊ नकोस. माझं मत असं की त्याची दोन रूपं कर. एक, दोन-दोन वुडविंड, दोन हॉर्न, दोन ट्रंपेट, टिंपनी आणि स्ट्रिंग्जसाठी, आणि जमलं तर ८-९ मिनिटांत. तू म्हणशील रंग जातील. काही जातील, पण तुझ्या पीसमधे सगळे सगळा वेळ वाजत असल्यामुळे रंग आत्ताही राखाडीच झालेत, थोडी माणसं कमी केलीस तर उलट उठून दिसतील. दुसरं, दोन पियानोंसाठी किंवा एका पियानोवर चार हातांसाठी. हे दुधाची तहान ताकावर वाटेल, पण शोनबर्गने १९१८ मधे व्हिएन्नात खाजगी संगीत-प्रयोगांसाठी जी संस्था काढली तिथे मोठमोठे ऑर्केस्ट्रल पीस याच पद्धतीने, पियानोवर किंवा छोट्या गटासाठी उतरवून वाजवायचे. भरपूर रिहर्सल, तोच पीस पुन्हा पुन्हा, टाळ्या बंद आणि समीक्षकांना प्रवेश नाही. कंडक्टरलाही पियानोचं रूप उपयोगी पडतं, तो स्वतः बसून दहा मिनिटांत पीसचा सांगाडा समजून घेऊ शकतो.

छोटं ऑर्केस्ट्रल रूप घेऊन मोठ्या ऑर्केस्ट्राच्या ऑफिसात जाऊ नकोस, यूथ ऑर्केस्ट्रा, युनिव्हर्सिटी ऑर्केस्ट्रा, हौशी ऑर्केस्ट्रा इथे जा, आणि कंडक्टिंग शिकणाऱ्या मुलांना गाठ. त्यांना पोडियमवर वेळ हवा असतो, तुला ऑर्केस्ट्रा हवा असतो, दोघांचं जमतं. काही ऑर्केस्ट्रा नवीन कंपोजरांसाठी रीडिंग सेशन ठेवतात, त्यावर लक्ष ठेव. एक खबरदारी: रीडिंगचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा फक्त तुझ्या अभ्यासासाठी दिलेलं असतं, ते यूट्यूबवर टाकायला परवानगी नसते, कागद वाचल्याशिवाय अपलोड करू नकोस. क्वार्टेटवाल्यांचंही तेच, रेकॉर्डिंगला हो म्हणाले म्हणजे पब्लिक करायला हो म्हणाले असं होत नाही.

आता यूट्यूबचं. बंद करू नकोस पण त्याचं काम बदल. ते तुझं हॉल नाही, ती तुझी फाइल आहे, जी मेलमधल्या लिंकवरून उघडली जाते. म्हणून मूव्हमेंट वेगवेगळ्या टाक, स्कोअर स्क्रीनवर दिसू दे, मॉकअप असेल तर नावातच तसं लिही. तुझ्या एका व्हिडिओत ते लिहिलेलं नाही आणि खाली कोणीतरी कोणता क्वार्टेट आहे म्हणून विचारलंय, असं व्हायला नको. माणसांनी वाजवलेलं काहीही मिळालं, खोकल्यासकट, तर मॉकअप काढून ते लाव. वाजवणारा ते ऐकून म्हणतो की हे माणसांना वाजवता येतं, त्या क्षणी त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं. आणि एक साधं पान कर, त्यावर पीसची यादी: नाव, वर्ष, वाद्यं, कालावधी, स्कोअरची पाहण्यापुरती प्रत. १७ व्या वर्षापासूनचं सगळं टाकलंयस, त्यातलं निम्मं काढ.

व्ह्यूज मोजून संगीत चांगलं की वाईट हे ठरत नाही. अनोळखी माणसाचा १४ मिनिटांचा मॉकअप मी सुद्धा पूर्ण ऐकत नाही.

ढापण्याची भीती. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) सामील असलेल्या देशांमधे, म्हणजे जवळजवळ सगळीकडेच, तू लिहिलंस की हक्क आपोआप तुझा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. तारखांसकट फाइली आणि कच्चे स्केच जपून ठेव. पीडीएफवर पाहण्यापुरती प्रत असा वॉटरमार्क टाकायचा असेल तर टाक, पण पार्ट मागणाऱ्याला लगेच दे, तिथे आढेवेढे घेऊ नकोस. खरी काळजी उलट्या बाजूने घ्यावी लागते, कोणी छापतो म्हणाला आणि करार पुढे केला तर हक्क कायमचे देऊन टाकत नाहीयेस ना ते बघ. तुझ्या देशातल्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नाव घाल आणि पहिल्या प्रयोगाच्या आधी पीसची नोंद कर, नंतर मागे जाऊन रक्कम मिळवणं कटकटीचं होतं. आणि कधी गाण्यासाठी कविता घेतलीस तर कवीचे हक्क चालू आहेत का ते लिहायच्या आधी तपास, लिहून झाल्यावर परवानगी नाकारली तर ते सगळं ड्रॉवरमधे जातं.

स्पर्धा. नियम वाचताना मी फी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की जिंकल्यावर वाजवणार आहेत का, कोण वाजवणार, परीक्षकांची नावं दिलीत का, पार्टचा खर्च कोणावर. वाजवायची हमी आणि परीक्षकांची नावं दोन्ही नसतील तर फी छोटी असली तरी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन अटी नवखे लोक हमखास वाचत नाहीत. पहिली, पीस आधी कुठेही वाजलेला नसावा. रीडिंग सेशन त्यात धरतात की नाही हे ठिकाणागणिक बदलतं, विचारून घे. दुसरी, टोपणनावाने पाठवायचा असतो, आणि तोच पीस तुझ्या खऱ्या नावाने यूट्यूबवर असेल तर काही ठिकाणी तेवढ्यावरून बाद करतात. म्हणजे जो पीस स्पर्धेला पाठवायचाय तो निकालापर्यंत खाजगी ठेव. पण स्पर्धेसाठी म्हणून पीस दोन-दोन वर्षं राखून ठेवणं मला पटत नाही, वाजवणारे दारात उभे असतील तर त्यांना दे.

आणि शेवटी ट्रायो, ज्याच्याबद्दल तू काहीच विचारलेलं नाहीस. मला तर वाटतं तुझ्याकडचं सगळ्यात लवकर वाजेल असं तेच आहे. तीनच माणसं, आणि क्लॅरिनेट-चेलो-पियानो या जोडणीसाठी बेथोव्हेनचा ऑपस ११, ब्राम्सचा ऑपस ११४ ही नेहमीची नावं झाली की नेहमीच्या प्रोग्रॅममधलं साहित्य फार उरत नाही, त्यामुळे असे गट नवीन काहीतरी शोधतच असतात. तिसऱ्या मूव्हमेंटमधे ए क्लॅरिनेटवरून बी फ्लॅटवर (ही दोन वेगळी क्लॅरिनेट असतात) जायला तू दोनच बार दिलेत, तेही फास्ट टेंपोत, तेवढ्यात माउथपीस बदलून होत नाही. सगळी मूव्हमेंट ए क्लॅरिनेटवरच ठेवता येईल, तीन-चार जागी बोटं अडचणीची होतील पण वाजेल. ते बदल, क्लॅरिनेटचा पार्ट नव्याने काढ आणि सगळ्यात आधी एखाद्या क्लॅरिनेटवाल्याकडे पाठव, चेलो आणि पियानो बहुतेक वेळा तोच आणतो.